सोमीनं दाखवलेला ओढा

डिसेंबरातला दुसरा शनिवार जवळ आला, की सोमी वीटभट्टीवरून दोन दिवसांसाठी निघून यायची. मुकादम शिव्या द्यायचा, खाडे लावायचा. एका वर्षी तर त्यानं तिची भांडी खोपीबाहेर फेकून दिली. तरी सोमी यायची. पडघ्याच्या पलीकडून मिळेल त्या टेम्पोनं, मग पायी, कडेवर कल्पेश आणि मागून कुरकुरत नवरा वाघ्या. कोंडीच्या पाड्यावर, तिच्या घरी, ठाण्याचे पाहुणे यायचे असत, आणि त्यांच्या भाकऱ्या सोमीशिवाय दुसऱ्या कुणी केलेल्या चालत नसत.

पाहुणे पहिल्यांदा आले तेव्हा सोमी नऊ-दहा वर्षांची होती. ठाण्याच्या एका बँकेतली आठ-दहा तरुण मंडळी एसटीनं वळ गावापर्यंत आली, तिथून पायवाटेनं टेकाड चढली आणि ओढ्याच्या काठी थांबली. ओढ्याला तिथं एक खोल कोंड होती, उन्हाळ्यातही न आटणारी. तिच्यावरूनच वारल्यांच्या त्या सात घरांच्या पाड्याला नाव पडलेलं. पाहुण्यांनी कोंडीत पोहून घेतलं, सोमीच्या आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा खाल्ला, रात्र पेंढ्यावर काढली, आणि जाताना विद्याधर प्रधान नावाचा त्यांच्यातला उंच माणूस म्हणाला, "ठाण्यापासून दोन तासांवर असं काही असेल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही." तेव्हापासून ते दर वर्षी येत राहिले. लग्नं झाली तशा बायका आल्या, पोरं आली, पुढं मोटारी आल्या. सोमीची आई गेली, चूल सोमीकडं आली.

ते तिला "आमची सोमी" म्हणत. साड्या आणत, पोरांचे जुने कपडे आणत. प्रधानांची बायको निर्मलाबाई, हिला बसून बोलायची सवय. एका वर्षी तिनं दुपारभर सोमीचा हात धरून मातीत बोटानं अक्षरं काढून घेतली आणि तिला सही शिकवली. सोमीला वाचता कधीच आलं नाही, पण आपलं नाव ती त्या दिवसापासून काढू लागली. याचं तिला अप्रूप होतं. भट्टीवर पगाराच्या दिवशी बाकीच्या बाया अंगठा लावत आणि सोमी पेन मागून घेई.

खरं सांगायचं तर ते दोन दिवस तिलाही आवडत. वर्षातले बाकीचे दिवस तिला कुणी नावानं हाक मारत नसे.

मग गोदामं आली. आधी दापोड्याला, मग वळला, मग रस्त्याकडेनं वर सरकत सरकत टेकाडाच्या पायथ्याशी. पाड्यातली पाच घरं आपापले जमिनीचे तुकडे गोदामवाल्यांना सोडून उठून गेली. वाघ्यानं उठायचं नाकारलं, कारण त्याच्याकडे सोडायला तुकडाच नव्हता. ओढ्याकाठची त्यांची राहती जागा सरकारी, तिच्यावर बाप-आजापासून झोपडं, कागद कसलाच नाही. गोदामाच्या मागच्या भिंतीसाठी भराव घातला तेव्हा ओढ्याचं पात्र निम्मं बुजलं. कोंडीत पोरांच्या कमरेएवढंच पाणी उरलं. त्याच रस्त्यावर एका सकाळी वाघ्या कंटेनरखाली गेला.

त्या डिसेंबरात पाहुणे आले तेव्हा सोमीनं सांगितलं. निर्मलाबाईंनी तिचा हात धरला. प्रधान म्हणाले, "अरेरे. आता चिंबोऱ्या कोण पकडणार? त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही." सोमीला राग आला नाही. तिला वाटलं, हा माणूस वाघ्याला ओळखत होता खरा.

कल्पेश मोठा झाला आणि त्याच गोदामात लागला. खालिद नावाचा तिथला मॅनेजर, भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला, बापाचे यंत्रमाग धामणकर नाक्यापाशी बंद पडल्यावर इकडं नोकरीला आलेला. त्यानं कल्पेशला आधी हमालीवर घेतलं, मग स्कॅनिंगवर. कल्पेशचं लग्न झालं, दिपिका झाली. आणि करोनाच्या दुसऱ्या वर्षी कल्पेशनं घर बांधलं.

विटांचं घर. सोमीनं आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडल्या होत्या. या विटा टेम्पोतून उतरल्या तेव्हा तिनं एकेक हातात घेऊन वाजवून पाहिली, कच्च्या निघाल्या त्या परत पाठवल्या. वर निळे पत्रे, आत ओटा, भिंतींना गुलाबी रंग. दिपिकाला रंग निवडायला सांगितला होता. खालिदनं गोदामाच्या लाइनीतून नळ जोडून दिला. "मावशी, कोणी विचारलं तर मला माहीत नाय," असं म्हणून. घरात पाणी येतं हे सोमीला कितीतरी दिवस खरंच वाटेना. ती उगीच नळ सोडून बघे आणि सून हसे.

करोनाच्या खंडानंतर पाहुणे यायचे होते, म्हणून सोमीनं चार दिवस आधीपासून घर झाडलं. दारात तांदळाच्या पिठाची नक्षी काढली. गाड्या थांबल्या, म्हातारे झालेले पाहुणे हळूहळू उतरले आणि घरासमोर उभे राहिले. सोमी दारात हसत उभी होती.

प्रधानांचा चेहरा पडला.

"सोमे," ते म्हणाले, "तूसुद्धा?"

तिला कळलं नाही. "काय साहेब?"

"ते कारवीच्या कुडाचं घर कुठं गेलं गं? ते शेणानं सारवलेलं अंगण? आम्ही गोदामांना शिव्या देत वर आलो आणि इथं तू पत्रे घातलेस."

"कुड सडला व्हता साहेब. पावसात साप यायचं."

"अगं, पण काय शोभा होती त्याला."

निर्मलाबाई तेवढ्या आत गेल्या, ओट्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "छान झालंय हो सोमी, उंचीला अगदी बरोबर आहे." बाकीचे बाहेर जांभळीखाली सतरंजीवर बसले आणि जुन्या गोष्टी निघाल्या. काय पाणी होतं, काय शांतता होती. कंदिलाच्या उजेडात जेवायचो. वीज नव्हती, फोन नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. प्रधानांनी मोबाइलवर एक जुना फोटो सगळ्यांना दाखवला. अठ्ठ्याऐंशी सालचा. कुडाच्या घरापुढं वीस वर्षांची सोमी, डोक्यावर हंडा, मागं भरलेली कोंड. घरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, ते म्हणाले. आणि जेवण झाल्यावर ते उठले. "हे असं सोडून चालणार नाही," म्हणाले. "मी अर्ज करणार आहे. वरपर्यंत जाईन. ओढा बुजवणाऱ्यांना सोडायचं नाही. सोमे, चल माझ्याबरोबर. ओढा आधी कुठून कसा जायचा, दाखव मला."

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी सोमीला जेवण झालं का, पाणी आणलंस का, यापलीकडं काही विचारलं नव्हतं. ती पुढं निघाली. तिनं सगळं दाखवलं. गोदामाच्या भिंतीखाली गेलेला उंबर कुठं होता ते, बाया कपडे धुवायच्या तो खडक, पाणी वळण घ्यायचं ती जागा. प्रधान थांबत थांबत मोबाइलवर खुणा करत होते. शेवटी ती घराशी आली आणि हातानं दाखवून म्हणाली, "आन् कोंडीचं पानी पावसाळ्यात हितवर यायचं. ही आताची चूल हाय ना, तितवर."

प्रधानांनी तीही खूण केली.

पंधरा दिवसांनी ते एकटे गाडी घेऊन आले. टाइप केलेले कागद, जुने फोटो, नकाशा. "मूळ रहिवासी म्हणून तुझी सही सगळ्यांत महत्त्वाची. तुझ्या शब्दाला वजन आहे." सोमीनं पेन घेतलं आणि तीन ठिकाणी आपलं नाव काढलं.

मोजणीची माणसं आली ती पुढच्या मार्चमध्ये. लाल फडक्याच्या खुंट्या ठोकत गेली. एक खुंटी गोदामाच्या आवारात बसली, एक भिंतीला लागून, आणि एक सोमीच्या ओट्याच्या मागं. संध्याकाळी खालिद वर आला. तो कधी घरात येत नसे, दारातच बसला.

"मावशी, मी कागद बघितला. त्याच्यावर तुझी सही हाय."

"हाय. ओढ्यासाठी केली."

"तूच लिवून दिलंस की पानी तुझ्या चुलीपर्यंत यायचं. आमच्या मालकाचं ऑफिस हाय, वकील हाय, कल सुबह स्टे आ जायेगा. आमचं काय होणार नाय. तुझं काय? तू काय कोर्टात जानार?"

सोमी म्हणाली, "साहेबांनी केलाय अर्ज. ते बघतील."

खालिद चहाही न घेता उठला.

ओढ्याच्या पात्रातलं घर पाडायची नोटीस सरकारी माणसं दाराला चिकटवून गेली. कल्पेशनं ती वाचली आणि आईला नुसती धरून दाखवली, जणू तिला वाचता येत होतं. मग त्यानं प्रधानांना फोन लावला, स्पीकरवर. प्रधानांचा आवाज प्रसन्न होता. "म्हणजे काम सुरू झालं. घाबरू नकोस रे. अशा नोटिसा सगळ्यांनाच जातात, प्रक्रियेचा भाग असतो. गरिबाचं घर कुणी पाडत नाही. मी बोलतो तिथल्या अधिकाऱ्यांशी." ते बोलले असतील किंवा नसतील. नंतर दोनदा फोन केला तेव्हा ते मुलाकडे बंगळूरला होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, जेसीबी आला. तलाठी, सर्कल ऑफिसर, चार पोलीस. गोदामाच्या फाटकावर कोर्टाचा कागद लावलेला होता. तो वाचून सर्कलनं मान हलवली आणि माणसं टेकाड चढून वर आली. सून भांडी बाहेर काढत होती. सोमी तलाठ्याला सांगत राहिली, "साहेबांना फोन करा, ठाण्याच्या साहेबांना, त्यांनीच अर्ज केलाय." तलाठी वाईट माणूस नव्हता. त्यानं फाइल उघडून दाखवली. "बाई, त्यांच्याच अर्जावर आलोय. ही बघा तुमची सही." सोमीनं पाहिली. निर्मलाबाईंनी शिकवलेली, 'मी'ची वेलांटी जरा जास्तच लांब ओढलेली.

कल्पेश ड्युटीवर होता. गोदामातून हाकेच्या अंतरावर. खालिदनं त्याला सोडलं तेव्हा तो पळत वर आला, पण तोवर मागची भिंत गेली होती. तो पोलिसांशी भांडला नाही. जेसीबी वळायला थांबला तेवढ्यात त्यानं चौकटीसकट दार उपटून बाजूला ठेवलं आणि विजेचा मीटर सोडवून घेतला. गुलाबी भिंत पडली तेव्हा दिपिका रडली. मग तो आईजवळ आला.

"आये, सही तुझी," तो म्हणाला. बस, एवढंच.

तो बायको-पोरीला घेऊन वळमध्ये भाड्याच्या खोलीत राहायला गेला. दहा बाय दहाची खोली. सामान टेम्पोत चढवताना सोमी बाजूला उभी होती, कल्पेश "चल" म्हणेल म्हणून. सून एकदा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो दोर आवळत होता. टेम्पो गेल्यावर सोमीनं पाडलेल्या घराच्या वरच्या अंगाला, खुंटीपासून पंधरा पावलं सोडून, कारवी तोडून आणली आणि कूड उभा केला. वर टाकायला खालिदनं गोदामातलं जुनं प्लास्टिक दिलं, त्यावर तिनं पेंढा पसरला. साठीकडं झुकलेल्या बाईनं एकटीनं केलेलं ते काम. तो पावसाळा तिनं त्यात काढला. साप दोनदा आला. नळ तुटला होता, म्हणून ती खालून गोदामाच्या फाटकावरून कळशीनं पाणी वर आणी.

डिसेंबरात पाहुणे आले. या वेळी नऊच होते. प्रधान काठी टेकत वर चढले, कुडाचं झोपडं पाहिलं, सारवलेलं अंगण पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा," ते म्हणाले. "आता आल्यासारखं वाटतंय."

सगळे खुलले. कुणी कुडावरून हात फिरवला, कुणी वाकून आत डोकावलं. सोमी पाण्याचे पेले घेऊन आली.

"माझं घर पडलं साहेब."

"हो गं, ऐकलं. वाईट झालं. गोदामं पडायला हवी होती, तारखा पडताहेत. पण एक सांगू का, राग मानू नकोस. तू ह्याच घरात शोभतेस."

निर्मलाबाई खाली बघत होत्या. त्यांनी पिशवीतून शाल काढून सोमीच्या खांद्यावर घातली. पण प्रधानांना तो जुना फोटो पुन्हा काढायचा होता, तसाच. म्हणून शाल काढायला लावली, कळशी डोक्यावर घ्यायला लावली आणि सोमीला कुडापुढं उभं केलं. फोटो काढून झाल्यावर त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून सगळ्यांना दाखवले. "हा बघा अठ्ठ्याऐंशीचा. चेहरा बघा, किती निवांत. ह्या लोकांना कसली चिंताच नसते हो."

सोमीनं वाकून पाहिलं. हा फोटो तिनं आजवर नीट पाहिला नव्हता.

"तवा माझी पोर मेली व्हती," ती म्हणाली. "पयली. भट्टीवर खोकल्यानं. आठ दिस झालं व्हतं."

मग एकजण म्हणाला, "अरेरे." प्रधानांनी मोबाइल खिशात ठेवला आणि जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "तेव्हा सांगायचंस की. आम्हाला कसं कळणार?" खरंच, तेव्हा तिनं का सांगितलं नव्हतं? पाहुणे आले होते, आनंदात होते, म्हणून. थोड्या वेळानं कुणीतरी भाकऱ्या झाल्या का विचारलं, आणि ती चुलीकडं गेली.

पुढच्या वर्षी टेकाडाची मागची बाजू मुरुमासाठी कापली आणि जे काही पाणी झिरपत होतं तेही थांबलं. कोंडीत गोदामाचे तुटके खोके आणि थर्माकोल साठला. प्रधान नोव्हेंबरात एकदा गाडीतून बघून गेले, उतरले नाहीत. अर्जाचं काय झालं ते सोमीनं गाडीच्या काचेशी जाऊन विचारलं तेव्हा म्हणाले, "आता काय वाचवायचं गं तिथं." डिसेंबरात त्यांचा फोन आला. मुरबाडच्या पलीकडं एक जागा सापडली होती. "अगदी आपल्या जुन्या पाड्यासारखी. तिथली बाई चांगली आहे, पण भाकरी फार जाड करते. दोन दिवस येतेस का? गाडी पाठवतो."

सोमी गेली. का गेली म्हणाल, तर दुसरं कुणी बोलावत नव्हतं.

तिथली बाई मैना, पस्तिशीची. कूड, अंगण, मागं वाहता ओढा. पाहुणे पाण्यात पाय सोडून बसले होते. दोघी चुलीपाशी बसल्या तेव्हा मैनानं हळूच सांगितलं, की मागं पेंढ्याखाली विटा आणून ठेवल्यात, दोन हजार. उन्हाळ्यात भिंती घालायच्या. "पन साहेब म्हंतात, कशाला घालतेस, हेच झ्याक हाय. म्हनून जरा थांबलेय."

सोमीनं हातातला गोळा परातीत ठेवला. "थांबू नको. ते गेल्यावर लगेच बांध. आन् त्यांनी कागद आनला तर सही करू नको. पानी कुठवर यायचं विचारलं तर ठावं न्हाय म्हन. त्यांच्या अर्जानं माझं घर गेलंय, बाय. लेकही गेला."

मैनानं चुलीत लाकूड सरकवलं. "चांगली मानसं हायत गं ती," ती म्हणाली. "पोरीला दवाखान्यात गाडीतनं नेलं त्यांनी."

दुपारी जेवताना मैनानं हे हसत हसत, काहीच वाईट मनात नसताना, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मावशी म्हणते साहेबांच्या अर्जानं घर पाडलं, सही करू नको म्हणते.

प्रधानांचा घास हातातच राहिला. "सोमे," ते म्हणाले, "सत्तेचाळीस वर्षांचं नातं. आम्ही तुला काय कमी केलं?"

"घर गेलं साहेब माझं," सोमी म्हणाली.

"आणि त्यासाठी तू इथं येऊन आमच्या मागं विष कालवतेस?"

निर्मलाबाई म्हणाल्या, "अहो, ती खोटं काय बोलली?" पण त्या आता फार हळू बोलत आणि प्रधानांना कमी ऐकू येई. कुणी त्यांचं म्हणणं पुढं नेलं नाही. सोमीनं उरलेल्या भाकऱ्या केल्या. रात्री थांबायचं ठरलं होतं, पण तिला तिसऱ्या प्रहरीच गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरनं तिला भिवंडीत धामणकर नाक्यावर उतरवलं, पाड्यापर्यंत सोडायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.

शेअर रिक्षानं ती वळला गेली. कल्पेशची शिफ्ट सुटून तो नुकताच आला होता. सुनेनं चहा दिला. दिपिका अभ्यास करत होती. सोमीनं कपाळाला हात लावून बसल्या बसल्या सगळं सांगितलं. कल्पेश ऐकत होता, की नाही, कळत नव्हतं. दीड वर्षात ती दोघं कामापुरतंच बोलत होती.

"मग बांधणार का ती घर?" त्यानं अखेर विचारलं.

"म्हाईत न्हाय."

"बांधेल," तो म्हणाला. मग, "नाय तर नाय बांधायची."

त्यानं ताट पुढं ओढलं. सुनेनं सोमीला जेवायला वाढलं. ती जेवली, ताट धुऊन पालथं घातलं आणि दाराशी थोडा वेळ उभी राहिली. खोलीत तिघांची अंथरुणं पडली की पाय ठेवायला जागा नसे, हे तिला दिसत होतं. अंधार फार दाटायच्या आत टेकाड चढायला हवं होतं. ती चपला पायात सरकवून निघाली.